थांबलेली जीप

माझे वडील रस्त्यात उभे राहायचे. कडेला नाही, रस्त्यात. गाडी येताना दिसली की हातातली काठी दोन्ही हातांनी छातीपुढे आडवी धरायची, गाडीकडे तोंड करायचं आणि हलायचं नाही. समोरच्याने कितीही हॉर्न वाजवू दे, आईबहिणीवरून शिव्या देऊ दे, मागचं सगळं पलीकडे जाईपर्यंत जागा सोडायची नाही. ही त्यांची एकट्याची खोड नव्हती, आमच्या घराण्याची रीत होती.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबांच्या वेळेपर्यंत दिवाळी झाली की आमची माणसं कळप घेऊन माळशेजचा घाट उतरायची आणि पावसाच्या आधी परत वर यायची. वाटेत डांबरी रस्ता लागला की एकाने पुढे होऊन काठी आडवी धरायची, एकाने मागे राहायचं. मेंढरू फक्त पुढच्या मेंढराच्या मागे जातं. गाडी मधे घुसून कळप तुटला, तर मागे राहिलेली मेंढरं पुढच्यांच्या ओढीने सरळ चाकाखाली जातात. म्हणून गाडी थांबवायची ती शेवटचं कोकरू पलीकडे पोचेपर्यंत. आणि काठीवाल्याने मागे वळून बघायचं नाही. त्याने गाडीवाल्यावरची नजर काढली की गाडीवाला सुटतो. आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, त्या काळी ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरायचे, बिडी पेटवायचे, एखादा किटलीभर दूध मागायचा.

आबांनी कळप सोडला आणि शेती धरली. दावणीला हौसेपुरती दोन-चार मेंढरं राहिली, हातात काठी राहिली आणि रस्ता आपल्यासाठी थांबतो हा विश्वासही राहिला. पुढे मेंढरांची जागा माणसांनी घेतली, एवढंच. फाट्यावर एसटीतून उतरलेल्या बाया, शाळेची पोरं, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला कोणी म्हातारा, जो कोणी पलीकडे जायला थांबलेला दिसेल त्याला आबा म्हणायचे, ‘या माज्या मागनं.’ आणि काठी आडवी धरून रस्त्यात उतरायचे.

जुना रस्ता होता तोवर हे चालून गेलं. एक गाडी जायची, एक यायची. मग रस्ता रुंद झाला. मधे दुभाजक आला, जाणाऱ्यांना दोन पट्टे, येणाऱ्यांना दोन पट्टे. आमचं घर आणि गाव एका अंगाला राहिलं, विहीर आणि रान पलीकडे गेलं. पलीकडे जायला खालून बोगदा आहे, पण तो एवढा लांब की त्याला वळसा घालून जाणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात कुत्री. मग गावाने सोय केली. एका सकाळी फाट्यासमोरचा दुभाजक फुटलेला दिसला, माणूस आणि मोटारसायकल निघेल एवढा. तो बुजवला, परत फुटला. कोणी फोडला ते गावात सगळ्यांना माहीत आहे आणि विचारलं तर कोणालाच माहीत नाही.

अशा रस्त्यावर आमचे आबा काठी घेऊन उतरायचे, आणि त्याच रस्त्यावर त्यांचा मुलगा, म्हणजे मी, जीप चालवायचो. अजूनही चालवतो. डी.एड. केलं, नोकरीची वाट बघून बघून कंटाळलो आणि शेवटी नारायणगाव ते मंचर जीपने पॅसेंजर न्यायचं वडाप सुरू केलं. सकाळी बाजाराची माणसं, मग कॉलेजची पोरं, दुपारी घोडेगावच्या कचेरीत खेटे घालून मंचरला उतरलेली, थकलेली माणसं. जीपमधे किती बसतात हे विचारू नका. बसतात तेवढी बसतात.

स्टिअरिंगमागे बसलं की माणूस बदलतो, हे मी स्वतःवरून सांगतो. चालणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग यायचा. फोन कानाला लावून रस्त्यात शिरणारे. तिघी-चौघी एका रांगेत चालणाऱ्या बाया, हॉर्न दिला की निम्म्या इकडे पळणार, निम्म्या तिकडे आणि मधे गेल्यावर एकमेकींना हाका मारणार. एक जात तर अशी की गाडी येताना बघते, नीट बघते आणि मग मुद्दाम सावकाश चालायला लागते. आणि ते हात दाखवणारे! धावत रस्त्यात घुसायचं आणि पंजा गाडीकडे करायचा, की झालं, गाडी थांबलीच पाहिजे. त्यांना वाटतं ब्रेक त्यांच्या तळहातात आहे.

हे सगळं मी घरी जेवताना बोलायचो, आणि आबा ताटावरूनच उत्तर द्यायचे.

‘गाडी कुनाकडं हाय? त्याच्याकडं का चालनाऱ्याकडं?’

‘त्याच्याकडे.’

‘मंग संबाळायचं कुनी?’

‘आबा, ब्रेक मारला तरी भरलेली गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. चालणाऱ्यालाही डोळे दिलेत देवाने.’

‘मंग एवडी जोरात घालायचीच कशाला?’

जोरात घालायची कारण पुढचा पॅसेंजर दुसऱ्या जीपवाल्याने उचलायच्या आत उचलायचा असतो. हे कारण मनात ठीक वाटतं, बापापुढे तोंडातून निघत नाही. मग मी म्हणायचो, ‘तुमचा काळ गेला आबा.’ ते म्हणायचे, ‘काळ गेला, मानसं हायती ना आजून?’ आई मधे पडायची. ‘जेवा आता. दोगंबी जेवा.’ हे भांडण आमच्याकडे कालवणाइतकं रोजचं होतं.

नारायणगावच्या स्टँडवर मात्र मला खाली मान घालावी लागायची. कोणी ना कोणी ऐकवायचं, ‘तुझ्या म्हाताऱ्याला आवर राव. आज माझ्या पुढ्यात उभा राहिला, टायर घासले माझे.’ एकजण म्हणाला, ‘उद्या आमच्या हातून काय झालं तर पोलिसात आम्हीच जायचं ना?’ खोटं नव्हतं त्याचं. हसून घालवायचो.

आमच्या शेजारी एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर राहतात. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, यांनी तीसेक वर्षं एसटी हाकली, आता द्राक्षबाग बघतात. आबांचे शाळेपासूनचे दोस्त, पहिलीत एका बाकावर बसलेले. आबांना तोंडावर बोलू शकणारा तो गावात एकच माणूस. एकदा ओट्यावर बसून ते आबांना म्हणाले, ‘तुजं बरुबर हाय गड्या. न्हाई कोन म्हनतंय? पन बरुबर असून मेलास तर काय करशील?’

आबा म्हणाले, ‘तू आयुष्यभर गाडी हाकली. कदी मेंढराला धक्का लावला?’

‘न्हाई.’

‘मंग?’

‘आरं, मी लावला न्हाई म्हनून समदी तशीच असत्यात व्हय?’

आबांनी तंबाखू मळून घेतली आणि विषय बदलला.

मला या सगळ्यात एकच धास्ती होती. एक दिवस आबा या रस्त्यावर मरणार. कोणीतरी फोन करणार, मी मंचरच्या स्टँडवर असणार, आणि परत येईपर्यंत त्यांच्यावर कोणीतरी चादर टाकलेली असणार. हे मी इतक्यांदा मनात बघितलं होतं की चादरीचा रंगसुद्धा ठरला होता. आणि मी त्यांना सांगून दमलो होतो. काठी काढून घ्यायचा विचार केला, पण साठीच्या पुढच्या बापाच्या हातातून काठी कशी काढून घेणार?

आई मात्र त्यांच्याशिवाय रस्ता ओलांडायची नाही. तिला गाड्यांची फार भीती. सकाळी रानात जायचं, दुपारी परत यायचं, दोन्ही वेळा ती रस्त्याच्या कडेला पाटी डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि आबा येईपर्यंत तशीच उभी. कधी माझी जीप तिथून जायची. मी हॉर्न द्यायचो आणि पुढे जायचो. मागे बस असायची, पॅसेंजर घाईत असायचे. संध्याकाळी ती म्हणायची, ‘आज लई जोरात गेलास रं.’ तक्रार नसायची त्यात. आपला मुलगा दिसला एवढंच सांगायची.

मग एका दिवशी आबा दुपारी घरी आले आणि मी नेमका घरी होतो. चहाची कपबशी हातात दिली. त्यांनी ती तशीच खाली ठेवली. मी विचारलं, काय झालं? ‘काय न्हाई.’ आईने मागून सांगितलं. एक टँकर काठीच्या टोकाला घासून गेला होता. काठी हातातून उडून दुभाजकाला जाऊन आपटली. आबा खाली बसले, मग उठले, काठी उचलून आणली आणि ज्या पोरांना पलीकडे न्यायचं होतं त्यांना घेऊनच गेले. माझा संताप झाला. पण आबांनी काठी परत हाताशी ओढून घेतली होती. हे रस्त्यावर उतरायचे थांबणार नाहीत, ते मला तेव्हा पक्कं कळलं. मग माझ्या हातात काय उरलं? एकच. मी थांबायचं. बाकीच्या गाड्यांचं मला काही करता येणार नव्हतं, निदान माझी एक गाडी तरी बापाच्या काठीपुढे थांबेल.

दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागलो. पहिल्यांदा थांबलो तेव्हा आबांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी कडक, परक्याकडे बघावं तसा. आई त्यांच्या मागून पलीकडे गेली. मग त्यांनी काठी खाली केली आणि मला हाताने खूण केली, जा. मागे जीपमधे वेगळीच गडबड. मी थांबलो की पॅसेंजर आपापसात सरकायला लागायचे. ‘सरका हो पावणं, बसतंय कोनतरी.’ एक बाई पिशवी मांडीवर घेऊन जागा करून द्यायची, दारापाशी बसलेला पाय आत ओढायचा. कोणी चढत नाही म्हटल्यावर सगळे बाहेर बघायचे. ‘मंग थांबला कशापायी?’ मी म्हणायचो, ‘माणसं जातायत.’ यावर सगळे एकमेकांकडे बघायचे. जणू मी काहीतरी भलतंच बोललो.

त्या संध्याकाळी आबा पारावर सांगून आले, ‘आमचं पोरगं थांबतंय.’ शेजारच्या काकांनी मला हे हसत सांगितलं. जेवताना आबांनी गाडीवाल्यांचा विषय काढला नाही. आईने मला न विचारता भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. किती वर्षांनी आमच्या घरात रस्ता सोडून काहीतरी बोलणं झालं असेल. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी नुसत्या आबांसाठी नाही, दुसऱ्यांसाठीही थांबायला लागलो. शाळेच्या पोरी, काठी टेकत चाललेली एखादी म्हातारी. त्या आधी दचकायच्या, मग माझ्याकडे बघून हसायच्या आणि जायच्या. मला वाटायला लागलं की हे जमण्यासारखं आहे. एकाने केलं तर दुसरा करेल, दुसऱ्याचं बघून तिसरा.

तो दिवस टोमॅटोच्या सीझनमधला. सकाळपासून मालाच्या पिकअप नारायणगावकडे पळत होत्या. मी मंचरकडून येत होतो, जीप भरलेली. लांबूनच मला दोघं दिसले. आई रस्त्याच्या कडेला, डोक्यावर पाटी, पाटीत खुरपायला आलेल्या बायांची न्याहारी. आबा तिच्या शेजारी. माझी जीप ओळखून आबा उतरले आणि त्यांनी काठी धरली. मी डावीकडच्या पट्ट्यात होतो. सावकाश थांबलो, अगदी त्यांच्यापुढे. मागे सरकासरकी सुरू झाली.

आबा जीपसमोर उभे, तोंड माझ्याकडे. आई त्यांच्या मागून निघाली. चालता चालता तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. हसलीसुद्धा असेल. ती माझ्याकडेच बघत चालत होती. आबांच्या मागून पुढे सरकली, माझा पट्टा संपला, दुसऱ्या पट्ट्यात तिचं पाऊल पडलं. आणि उजव्या आरशात मला पांढरी कार दिसली. ती वेग कमी करत नव्हती. माझ्या मागून बाहेर निघून ती शेजारच्या पट्ट्यातून पुढे येत होती, थांबलेल्या जीपला कोणीही ओलांडून जातं तशी.

हॉर्नवर माझा हात गेला. दाबला की नाही, आठवत नाही. आबा रीतीप्रमाणे मागे बघत नव्हते, ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काय घडतंय ते माझ्या तोंडावर दिसलं. आवाज त्याच्यानंतर झाला.

भाकरी रस्त्यावर पसरल्या होत्या. पाटी लांब जाऊन पडली होती आणि गोल गोल फिरत होती. आई दुभाजकापाशी एका कुशीवर पडली होती, पदर डोक्यावर तसाच. मी तिच्यापाशी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती आणि म्हणाली, ‘आबा कुठं हायती?’ आबा तिथेच, जीपसमोर, काठी आडवी धरून उभे होते. त्यांनी तोंड वळवलं होतं, पण पाय हलत नव्हते.

कार चालवणारा पोरगेलासा माणूस होता. गाडीत बायको आणि लहान मूल, नाशिकला कोणाच्या तरी घरी कार्याला निघालेले. तो दुभाजकावर बसला होता आणि भेटेल त्याला एकच सांगत होता. ‘जीप थांबली हो. मला वाटलं पॅसेंजर घेतोय.’ फाट्यावरची माणसं धावून आली, दोघांनी त्याची कॉलर धरली. शेजारचे एसटीवाले काका आडवे झाले म्हणून तो वाचला. तरी तो कॉलर सोडवून घेताना तेच म्हणत होता. ‘जीप थांबली. पॅसेंजर घेतोय वाटलं मला.’

त्याचं काय चुकलं? मी मनाला हजारदा विचारलं आहे. आमची जीपवाल्यांची जात रस्त्यात कुठेही थांबते. वळणावर, पुलावर, एसटीच्या पुढे, कोणी हात केला की जागच्या जागी. मागून येणाऱ्या माणसाला या रस्त्याने इतकी वर्षं एकच शिकवलं की जीप थांबली म्हणजे पॅसेंजर. ती कोणाला वाट देण्यासाठी थांबेल, हे त्याच्या डोक्यात यायचं कारणच काय? माझ्या स्वतःच्या जीपमधे बसलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नव्हतं, ती तर सरकून जागा करत होती. थांबलेली जीप मी स्वतः दिवसातून कितीदा ओलांडतो. तिच्यापुढून कोण चालत येतंय हे मी कधी बघितलं आहे? मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटायला हवा होता. त्याच्या जागी मलाच बसलेला बघून मी नुसता उभा राहिलो.

आईला उचलून माझ्याच जीपमधे ठेवली. पॅसेंजर खाली उतरून कडेला उभे होते. आणि तेवढ्या वेळात तिथे वाद पेटला होता, चूक कोणाची. गाववाले म्हणत होते, गाडीवाल्यांना दिसत नाही का. मागे अडकलेले ड्रायव्हर म्हणत होते, हा काय रस्ता ओलांडायचा प्रकार आहे, बोगदा कशाला बांधलाय. एकाने आबांना विचारलं, ‘म्हातारीला कशाला मधी घातली?’ दुसऱ्याने माझ्या खिडकीत डोकं घालून विचारलं, ‘पर तू रस्त्यात थांबला कशाला?’ सगळ्यांचंच बरोबर होतं. मागे माझी आई कण्हत होती.

नारायणगावला पट्टी बांधली, पुढे पुण्याला नेलं. खुबा आणि मांडी, दोन्ही गेलं होतं. सळ्या घातल्या. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आशा लावली नाही. बसेल, कोणी धरलं तर उभी राहील, पहिल्यासारखं चालणं कठीण, असं सरळ सांगितलं. पोलिसांनी माझा जबाब घेतला. गाडी रस्त्यात का उभी केली? वडील पुढे उभे होते. वडील का उभे होते? आईला पलीकडे जायचं होतं. विचारणाऱ्या हवालदाराने पेन खाली ठेवलं. तो आमच्याच भागातला. मग म्हणाला, ‘असलं कुठल्या कलमात बसवायचं राव मी?’

या सगळ्याला आता दोन वर्षं होऊन गेली. गावाने एक दिवस रस्ता अडवला. मग फाट्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर पांढरे उंचवटे मारले. गाड्या त्यावरून तडतडत जातात, वेग तोच. दुभाजक बुजवला होता, तो परत फुटला आहे. रान आम्ही वाट्याने दिलं. मेंढरं आबांनी विकून टाकली, मला सांगितलंसुद्धा नाही. ते घराच्या मागच्या अंगाला बसतात, जिथून रस्ता दिसत नाही. सुरुवातीला एखादी बाई यायची, म्हणायची, ‘आबा, चला की, पलीकडं सोडा.’ आबा म्हणायचे, ‘मला न्हाई जमायचं बाई. बोगद्यानं जा.’ बोगद्याने कोणी जात नाही. बाया आता पळत जातात. आबांना मी कधी काही बोललो नाही, त्यांनी मला काही विचारलं नाही. जेवायला बसलो की कालवणाबद्दल बोलतो. गाडीवाले आणि चालणारे, या भांडणाशिवाय आमच्या दोघांकडे बोलायला फार काही नव्हतंच, हे मला आता कळलं. त्या भांडणाची आठवण येते मला.

जीप मी सोडली नाही. दुसरं करू काय? एकदा फाट्यावर शाळेच्या पोरी उभ्या होत्या आणि जुन्या सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला. थांबलो. खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबा थांबा करत राहिलो, नजर आरशात. मागे बस थांबली होती. आणि बसच्या डावीकडून, मातीतून, एक मोटारसायकल येताना दिसली. पोरी निघाल्या होत्या. मी जीव तोडून ओरडलो, ‘मागं व्हा! मागं व्हा!’ पोरी एकमेकींवर पडत मागे पळाल्या. मोटारसायकल निघून गेली. मी गिअर टाकला तेव्हा त्यातली एक मोठ्याने म्हणाली, ‘येडा हाय का ह्यो? आधी थांबतोय आन मंग अंगावर वरडतोय.’ पॅसेंजरही माझ्याकडे तसंच बघत होते.

तेव्हापासून मी थांबत नाही. कडेला कोणी दिसलं की लांबून हॉर्न धरतो, तो पार होईपर्यंत सोडत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, एवढंच त्यांना त्यातून कळावं अशी माझी इच्छा असते. त्यांना तसं कळत नाही. ते शिव्या देतात. गावातली माणसंही म्हणतात, ज्याच्या आईचं असं झालं त्याला तरी दया यायला नको? मी ऐकून घेतो.

आई बाहेरच्या खोलीत कॉटवर असते. खिडकी रस्त्याकडे, ती बंद करू का म्हटलं तर नको म्हणते. माझ्या जीपचा आवाज तिला ओळखू येतो. परवा दुपारी मी तिला वळवून पाठीला तेल लावत होतो. बाहेर गाड्या चालल्या होत्या. ती म्हणाली, ‘एक इचारू का? रस्त्यात कुनी उबं असलं तर तू थांबतोस का रं?’

तिला काय ऐकायचं असेल, याचा विचार केला. आपल्या बाबतीत झालं ते झालं, पण मुलगा माणसासारखा वागतो, एवढं समाधान तिला असू दे असं वाटलं. म्हणालो, ‘थांबतो की.’

कॉटची कड धरून तिने मान माझ्याकडे वळवली.

‘नको थांबत जाऊ,’ ती म्हणाली. ‘तू थांबलास की मानूस तुज्याकडं बगत चालतंय. रस्त्याकडं बगत न्हाई.’

मी बरं म्हणालो आणि तिचा पाय उचलून उशीवर नीट ठेवला.